निक रीवोल्ट आणि सेंट किल्डा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या एमसीजीची आपली ओळख बॉक्सिंग डे कसोटीची. २०२० च्या डिसेंबरात अजिंक्य रहाणेने तिथे कर्णधार म्हणून ११२ धावा काढल्या, तेव्हा आपल्यातले कित्येक जण पहाटे पाचला चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसले होते. क्रिकेटचा हंगाम उलटला की त्याच गवताच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात आणि लाख-लाख माणसं दुसराच खेळ बघायला येतात. ऑस्ट्रेलियात राहणारे मराठी लोक त्याला तिथल्यासारखंच ‘फूटी’ म्हणतात. त्या खेळातला कर्णधार निक रीवोल्ट आणि मेलबर्नचाच त्याचा क्लब सेंट किल्डा यांच्याबद्दलचे हे प्रश्न. खेळ नवा असला तरी त्याची गोष्ट क्रिकेट पाहणाऱ्याला लगेच कळेल.

हा खेळ म्हणजे रग्बीच ना?

नाही, आणि तिथे असं म्हणूही नका. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा मेलबर्नचा स्वतःचा खेळ आहे. त्याचे पहिले नियम १८५९ मध्ये लिहिले गेले आणि लिहिणाऱ्यांत टॉम विल्स हा नावाजलेला क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी करायचं काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न. म्हणून मैदान आजही अंडाकृती आहे, क्रिकेटचंच.

एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू लांबट. तो पायाने मारायचा, किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. हाताने फेकलेला चालत नाही. ऑफसाइड हा प्रकारच नाही, त्यामुळे अंगावर कोण कुठून येईल याचा नेम नसतो. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, एक गुण. धावफलकावर ९.१४ (६८) असं दिसलं तर ते दशांश चिन्ह समजू नका. ९ गोल, १४ बिहाइंड, एकूण ६८. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे.

फॉरवर्ड म्हणजे आपला स्ट्रायकर?

साधारण तसाच, पण निक रीवोल्टच्या जागेला ते नाव अपुरं पडतं. तो ‘सेंटर हाफ फॉरवर्ड’ खेळायचा. गोलसमोर ठाण मांडून बसणारा तो ‘फुल फॉरवर्ड’. सेंटर हाफ फॉरवर्ड त्याच्या पुढे, मैदानाच्या मध्याकडे असतो. मागून येणारी लांब किक झेलायची, ती जमली की वळून गोलवर मारायची किंवा पुढच्याला द्यायची, नाही जमली तर निदान चेंडू खाली पाडायचा. त्याच्या मागे प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात दणकट बचावपटू चिकटलेला असतो. मैदानावरच्या सर्वांत अवघड जागांपैकी ही एक मानतात आणि मला ते पटतं.

रीवोल्ट १९३ सेंटिमीटर उंच, पण त्याचं हत्यार उंची नव्हतं. हत्यार होतं पळणं. तो धावत पुढे यायचा, चेंडू नाही आला तर परत मागे जायचा, पुन्हा यायचा. पहिल्या क्वार्टरमध्ये बचावपटू त्याच्याबरोबर पळतो. चौथ्यात तो कमरेवर हात ठेवून उभा असतो आणि रीवोल्ट पन्नास मीटरवर एकटा झेल घेत असतो. एक क्वार्टर म्हणजे २० मिनिटं, वर थांबलेल्या खेळाचा वेळ, म्हणजे तासाभराच्या खेळानंतरची ही गोष्ट.

‘मार्क’ म्हणजे काय? त्याचं एवढं कौतुक कशाला?

किमान १५ मीटर किकवरून आलेला चेंडू, मध्ये कुणाचा हात न लागता थेट झेलला की तो मार्क. झेलणाऱ्याला मग कुणी हात लावायचा नाही, त्याला निवांत किक मिळते. म्हणजे झेलाला इथे विकेटची नाही, तर फ्री हिटची किंमत आहे.

उंच उडी मारून, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून घेतलेले मार्क फोटोत छान दिसतात. जाणकार मात्र दुसऱ्याच एका प्रकारापुढे मान तुकवतात: चेंडू मागून डोक्यावरून येतोय, खेळाडू त्याच दिशेने पाठमोरा धावतोय, नजर फक्त आभाळात, आणि समोरून कोण धडकायला येतंय हे त्याला माहीतच नाही. कव्हरवरून मागे पळत लाँग ऑफचा झेल घेणारा क्षेत्ररक्षक आठवा. आता लाँग ऑफवरून नव्वद किलोचा माणूस त्याच चेंडूसाठी पूर्ण वेगात येतोय आणि त्याने धडकणं नियमात बसतं, असं धरा.

२००४ मध्ये सिडनी क्रिकेट ग्राउंडवर, सिडनी स्वान्सविरुद्ध, २१ वर्षांच्या रीवोल्टने असा मार्क घेतला. धावत धावत तो समोरून येणाऱ्या घोळक्यात आडवा झोकला गेला, हवेतच उलटापालटा झाला आणि चेंडू घेऊन खाली आला. त्याची कारकीर्द कुणाला एका दृश्यात दाखवायची झाली तर सगळे हेच दाखवतात. गंमत म्हणजे त्या वर्षीचा ‘मार्क ऑफ द इयर’ पुरस्कार त्याला मिळालाच नाही, तो वेस्ट कोस्ट संघाच्या अ‍ॅशली सॅम्पीच्या उंच उडीला गेला. सॅम्पीची उडी खरोखर अफाट होती. तरी माझं मत रीवोल्टला. उंच उडी मारायला अंगात कस लागतो, पण न बघता धावत जायला दुसरंच काहीतरी लागतं.

तो मूळचा मेलबर्नचा का?

नाही. जन्म १७ ऑक्टोबर १९८२, होबार्ट, म्हणजे टास्मानिया. लहानपणीच कुटुंब क्वीन्सलंडमधल्या गोल्ड कोस्टला गेलं. तो भाग खरं तर रग्बी लीगचा. तिथल्या मुलाने फूटीत नाव काढणं म्हणजे कोल्हापुरात तालमीऐवजी टेनिस कोर्टात रमण्यासारखं.

मग सेंट किल्डात कसा आला? बोली लागली का?

आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला तरुण खेळाडूंतून आधी निवडायची संधी मिळते. खेळाडूला विचारत नाहीत. नाव पुकारलं की बॅग भरायची आणि त्या शहरात जायचं.

२००० मध्ये सेंट किल्डा अगदी तळाला होता, त्यामुळे पहिल्या दोन्ही निवडी त्यांच्याच हातात आल्या. पहिला रीवोल्ट, दुसरा जस्टिन कोशित्स्की. दोघेही उंच, दोघेही फॉरवर्ड. २००१ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा ‘रायझिंग स्टार’ पुरस्कार कोशित्स्कीने मिळवला, २००२ मध्ये रीवोल्टने. त्याच २००२ मध्ये रीवोल्टने क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा ट्रेव्हर बार्कर पुरस्कारही घेतला. वय तेव्हा विशीच्या आत-बाहेर.

ज्या क्लबात तो आला तो कसा होता, हे सांगायलाच हवं. सेंट किल्डाच्या नावावर आजवर एकच प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आहे, १९६६ ची. तीही एका गुणाने, कॉलिंगवूडविरुद्ध ७४-७३. तो शेवटचा गुण बॅरी ब्रीनच्या वेड्यावाकड्या किकवर आलेला बिहाइंड होता. या क्लबाचे पाठीराखे तेव्हापासून दुसऱ्या कपाची वाट बघतायत. पहिल्या निवडीच्या मुलावर किती डोळे लागले असतील, याचा अंदाज यावरून करा.

इथला कर्णधार नेमकं करतो काय? क्षेत्ररक्षण तर लावायचं नसतं.

आपल्या लोकांना पडणारा हा सगळ्यात चांगला प्रश्न. क्रिकेटचा कर्णधार म्हणजे निम्मा सेनापती: गोलंदाज कोण, स्लिप किती, डाव कधी घोषित करायचा. फूटीत ही सगळी सूत्रं प्रशिक्षकाच्या हाती असतात. तो वरच्या काचेच्या खोलीत किंवा सीमारेषेशी बसून खेळाडू बदलतो, डावपेच आखतो. कर्णधार नाणेफेक करतो, पंचांशी बोलतो आणि बाकी वेळ स्वतःच्या अंगाने दाखवत राहतो की आज कसं खेळायचं आहे. संघ तीस गुणांनी मागे असताना तो पहिल्या मिनिटासारखा पळतोय का, एवढंच इतर सतरा जण बघत असतात. रीवोल्टच्या पाठमोरं धावत मार्क घेण्याच्या सवयीचं मोल इथे आहे. त्याला भाषण करावं लागत नव्हतं.

सेंट किल्डात तेव्हा प्रशिक्षक ग्रँट थॉमस यांनी दरवर्षी कर्णधार बदलायची अजब पद्धत ठेवली होती. २००४ ला लेनी हेज, २००५ ला रीवोल्ट, २००६ ला ल्यूक बॉल. २००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून रॉस लायन आले आणि त्यांनी या तिघांनाच मिळून कर्णधार केलं. २००८ पासून मात्र रीवोल्ट एकटा, थेट २०१६ संपेपर्यंत.

कर्णधार म्हणून त्याच्या पहिल्याच सामन्यात काय घडलं होतं?

२००५ ची पहिली फेरी, ब्रिस्बेनचं गॅबा मैदान. मार्कसाठी झेपावताना रीवोल्टचा कॉलरबोन मोडला. खांदा धरून तो मैदानाबाहेर निघालेला असताना ब्रिस्बेनच्या माल मायकल आणि ख्रिस स्कॉट यांनी त्याच्या जखमी बाजूलाच धक्के दिले. माणूस जखमी दिसला की त्याला ‘तपासून’ बघायचं, हा त्या काळच्या खेळाचा एक अलिखित भाग होता असं काही जण म्हणाले. बाकीच्यांनी याला सरळ हलकटपणा म्हटलं. वाद बरेच दिवस पेटत राहिला. मी दुसऱ्या गटातला. कठोर खेळणं वेगळं आणि मोडलेल्या हाडाला ढुसणी देणं वेगळं.

२००९ मध्ये नक्की काय झालं? पाठीराखे अजून त्या वर्षाचं नाव काढलं की गप्प होतात.

होणारच. त्या हंगामात सेंट किल्डाने पहिले १९ सामने लागोपाठ जिंकले. चौदाव्या फेरीत तर सेंट किल्डा आणि जीलॉन्ग हे दोन्ही संघ १३ पैकी १३ जिंकून समोरासमोर आले होते. तो सामना सेंट किल्डाने सहा गुणांनी जिंकला. विसाव्या फेरीत एसेंडनने ही मालिका दोन गुणांनी तोडली. सामना संपल्याचा सायरन वाजला तेव्हा चेंडू रीवोल्टकडेच होता, आणि ती किक गोलमध्ये गेली नाही.

इथे एक कबुली देऊन टाकतो. गोलवर किक मारण्यात रीवोल्ट कधीच बिनचूक नव्हता. मार्क घेताना त्याच्याइतका भरवशाचा माणूस नाही, आणि तोच मार्क घेऊन गोलसमोर उभा राहिला की पाठीराख्यांनी श्वास रोखायचा. पळताना विचार करायला वेळ नसतो. थांबल्यावर तो मिळतो, तीच पंचाईत. उपांत्य सामन्याचं बघा: वेस्टर्न बुलडॉग्जविरुद्ध सगळं टांगणीला लागलेलं असताना त्याने शेवटच्या क्षणांत जमिनीवरचा चेंडू थेट पायाने, आपल्या फुटबॉलसारखा, गोलमध्ये ढकलला. संघ सात गुणांनी अंतिम फेरीत गेला. विचार करायला वेळ मिळाला नाही ना!

अंतिम सामना पुन्हा जीलॉन्गशी. सेंट किल्डा ९.१४ (६८), जीलॉन्ग १२.८ (८०). गोलवर प्रयत्न सेंट किल्डाचे जास्त, पण त्यातले चौदा एकेका गुणाचे. त्यात जीलॉन्गच्या टॉम हॉकिन्सचा खांबाला लागून गेलेला चेंडू पंचांनी गोल धरला. नियमाने तो बिहाइंड. फेरदृश्यात सगळ्या देशाला दिसलं, पण तेव्हा फेरदृश्य पाहून निर्णय बदलायची सोय नव्हती. ती पुढे आली.

बारा गुणांनी हरलेल्या सामन्याचं खापर पाच गुणांवर फोडता येत नाही, हे हिशेबाने खरं. चुटपुट हिशेब मानत नाही, हेही खरं.

आणि २०१०?

हंगामाच्या तिसऱ्याच फेरीत, कॉलिंगवूडविरुद्ध, रीवोल्टच्या मांडीमागच्या स्नायूचा कंडरा फाटला. शस्त्रक्रिया, आणि सुमारे तीन महिने बाहेर. संघाने तोवर तग धरला, तो परतला, आणि २५ सप्टेंबरला सेंट किल्डा पुन्हा एमसीजीवर अंतिम सामन्यात. समोर कॉलिंगवूड.

शेवटच्या दोनेक मिनिटांत लेनी हेजची लांब किक गोलसमोर पडली. स्टीफन मिल्न तिच्यामागे, आणि पुढे मोकळा गोल. चेंडू सरळ उसळला असता तर कप आला असता. लांबट चेंडू सरळ उसळत नाही. तो वाकडा वळला आणि बिहाइंड झाला. सेंट किल्डा १०.८ (६८), कॉलिंगवूड ९.१४ (६८). बरोबरी.

आदल्या वर्षी ९.१४ करून सेंट किल्डा हरला, या वर्षी समोरच्याने ९.१४ केले तरी जिंकला नाही. दोन्ही वर्षी त्यांची बेरीज ६८च. एखाद्या ज्योतिषाला हे आकडे दिले तर तो शांती करायला सांगेल.

अंतिम सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ खेळायचा, असा नियम तेव्हा नव्हता. आठवड्याने पुन्हा खेळायचं. २ ऑक्टोबरच्या फेरसामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये रीवोल्ट मोकळ्या गोलवर किक मारत असताना कॉलिंगवूडच्या हीथ शॉने मागून झेप घेऊन चेंडू पायावरच दाबला. रीवोल्टला तो येताना दिसलाच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर न बघता धडका घेतल्या, त्याला नडला तोही न दिसलेला माणूस. कॉलिंगवूड ५६ गुणांनी जिंकला. त्यांच्या संघात ल्यूक बॉल होता, २००७ चा सहकर्णधार. आदल्या वर्षाअखेर तो सेंट किल्डा सोडून गेला होता.

कप एकही नाही, मग मोठा खेळाडू कसा?

आकडे हवे असतील तर घ्या. २००१ ते २०१७, एकच क्लब, पाठीवर एकच नंबर, १२. सामने ३३६, गोल ७१८. सेंट किल्डासाठी यापेक्षा जास्त गोल फक्त टोनी लॉकेटचे. ट्रेव्हर बार्कर पुरस्कार सहा वेळा. वर्षाच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे ऑल-ऑस्ट्रेलियनमध्ये, पाच वेळा, आणि २००९ मध्ये त्या संघाचा कर्णधार. २००४ मध्ये सगळ्या खेळाडूंनी मत देऊन निवडलेला सर्वोत्तम खेळाडू. आणि मार्क: २,९४४. निवृत्त झाला तेव्हा लीगच्या नोंदींत याहून मोठा आकडा कुणाचाच नव्हता.

मला स्वतःला यातलं एकच वर्ष सांगावंसं वाटतं, २०१४. लेनी हेजचा तो शेवटचा हंगाम, बरेच जुने सोबती एकेक करून क्लब सोडून गेलेले, संघ गुणतक्त्यात शेवटचा. अशा संघात फॉरवर्डकडे चेंडूच येत नाही. ३१ वर्षांचा रीवोल्ट त्या वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ऑल-ऑस्ट्रेलियनमध्येही आला. जिंकणाऱ्या संघात चमकणं सोपं असतं.

जॅक रीवोल्ट त्याचा कोण?

चुलतभाऊ. रिचमंडचा फॉरवर्ड. निकला जे मिळालं नाही ते जॅकला भरभरून मिळालं: २०१७, २०१९ आणि २०२० अशा तीन प्रीमियरशिप. सर्वाधिक गोलांचं कोलमन पदक निकला कधीच मिळालं नाही, जॅकने ते तीनदा घेतलं. दोघांत थोर कोण, यावर मेलबर्नमध्ये जेवणाची ताटं थंड होतात.

‘मॅडीज मॅच’ हे काय आहे?

निकची धाकटी बहीण मॅडी हिला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया झाला होता. यात अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते. फेब्रुवारी २०१५ मध्ये, २६ व्या वर्षी, ती गेली. कुटुंबाने त्याच वर्षी ‘मॅडी रीवोल्ट्स व्हिजन’ ही संस्था काढली, अस्थिमज्जेच्या अशा आजारांवरच्या संशोधनाला पैसा उभा करण्यासाठी. सेंट किल्डा आणि रिचमंड, म्हणजे दोन्ही भावांचे संघ, तिच्या नावाने सामना खेळू लागले. मैदानात जांभळा रंग दिसतो तो त्यासाठी. रीवोल्ट त्या वर्षीही कर्णधार होता आणि खेळत राहिला.

निवृत्तीचा सामना कसा झाला?

ऑगस्ट २०१७, एमसीजी, समोर रिचमंड. सेंट किल्डा हरला. सामना संपल्यावर निकला खांद्यावर घेऊन बाहेर नेलं, तेव्हा दोन्ही संघ उभे होते आणि त्यात जॅकही होता. कर्णधारपद निकने त्या हंगामाआधीच जॅरिन गिअरीकडे सोपवलं होतं. पुढच्या महिन्यात, त्याच मैदानावर, जॅकच्या रिचमंडने कप उचलला.

रीवोल्टनंतर तरी सेंट किल्डाने कप जिंकला का?

नाही. १९६६ नंतर अजून नाही.